पुढचं चाक बदललं आणि हँडल थरथरू लागलं: दोष शोधायचा क्रम

मोटरसायकलचं पुढचं आऱ्यांचं चाक काढून अलॉय बसवलं, खड्ड्यात वाकलेल्या रिमऐवजी दुसरं चाक आणलं, किंवा नुसता टायर बदलायला चाक उतरवून परत चढवलं. त्यानंतर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर साठच्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला की हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. अशा वेळी बहुतेक जण, आणि बरेच मेकॅनिकही, पहिला पाना कोन सेटला (हँडल वळतं त्या सांध्यातल्या बेअरिंगला) लावतात. कोन सेट आवळला की थरथर दबते, गाडी ताब्यात दिली जाते, आणि काही दिवसांनी 'आता गाडी सरळच जात नाही' अशी नवी तक्रार घेऊन मालक परत येतो. मूळ दोष चाकात तसाच राहिलेला असतो.

काल गाडी सरळ चालत होती आणि आज फक्त चाक बदललं, तर दोष आधी चाकात, टायरमध्ये, ॲक्सलमध्ये (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) आणि स्पेसरमध्ये (त्या दांड्यावर बसणाऱ्या, अंतर राखणाऱ्या नळ्या) शोधायचा. कोन सेट सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवा, बॅलन्सिंग आणि कोन सेट एकाच दुपारी केलं आणि थरथर गेली, तर ती कशाने गेली हे कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंदाजपंचे काम.

## आधी लक्षण नीट ओळखा

'हँडल हलतं' एवढ्यावर दोष सापडत नाही. नेमकं केव्हा, किती वेगाला आणि कसं हलतं, हे कागदावर लिहा.

- वेग कमी होताना ७० ते ५० च्या पट्ट्यात हँडल भराभर डावी-उजवीकडे थरथरतं, त्याच्या वर-खाली शांत. टायर रिमवर नीट बसलेला नाही, बॅलन्स गेलाय, टायर उंचसखल झिजलाय किंवा हेडमध्ये (कोन सेट बसतो तो सांधा) प्ले, म्हणजे सैलपणा आहे. शक्यता याच क्रमाने तपासा.
- वेग वाढेल तशी थरथर वाढत जाते आणि हातांना खाली-वर धडधड जाणवते. बॅलन्स नाही, किंवा चाक गोलाईत आउट आहे, म्हणजे फिरताना वर-खाली होतं.
- अगदी १५-२० च्या वेगालाही हँडल संथ लयीत डोलतं. रिम बाजूला आउट आहे किंवा टायर तिरका बसलाय. उभ्या गाडीवर चाक फिरवलं तरी हे डोळ्यांनी दिसतं.
- फक्त पुढचा ब्रेक लावल्यावर हादरे. डिस्क आउट आहे, किंवा ड्रम गोल राहिलेला नाही.
- गाडी एका बाजूला ओढते, थरथर नाही. चाक मध्यात नाही, किंवा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) पिळलाय.
- स्पीडब्रेकरवर पुढून 'टक्' असा आवाज. हेडमध्ये किंवा फोर्कच्या बुशमध्ये प्ले.
- सत्तर-ऐंशीच्या पुढे अख्खी गाडी मागून संथ डुलते. हा पुढच्या चाकाचा आजार बहुधा नसतो. मागचा टायर, स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणारा दांडा) बुश, मागे लादलेलं वजन, नाहीतर कोणी तरी वाजवीपेक्षा आवळलेला कोन सेट पाहा.

दोन गोष्टी दोषात धरू नका. घोडबंदर रोडवर दुरुस्तीसाठी डांबराचा वरचा थर खरवडलेला असेल, तर त्या लांब रेघांत चांगलं चाकही डगमगतं. वाशीच्या खाडी पुलावर आडवा वारा आला की अख्खी गाडी सरकते. पण तेव्हा हँडल थरथरत नाही.

नवा टायर घातल्यावर हँडल हलकं लागणं, वळताना गाडी पटकन आत पडल्यासारखी वाटणं हेही स्वाभाविक आहे. जुना टायर मध्ये चपटा झालेला असतो, नवा गोल असतो. त्यात मागचा टायर चपटाच राहिला असेल तर हा फरक जास्त जाणवतो. तो सवयीने जातो. थरथर सवयीने जात नाही.

> सावध: चालत्या गाडीवर हँडलने झटके मारायला सुरुवात केली तर पुढचा ब्रेक दाबू नका आणि हँडल जिवाच्या आकांताने आवळू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, वजन थोडं पुढे घ्या, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. अशी गाडी तपासणी होईपर्यंत हायवेवर नेऊ नका.

## तयारी

सपाट जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी निघून जाण्यासाठी उतार असतो; त्या उतारावर मेन स्टँडवर लावलेली गाडी पुढचं चाक काढल्यावर घसरू शकते. मागच्या चाकाला पुढून-मागून विटा लावा. मेन स्टँड असेल तर इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक, म्हणजे पुढचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर राहील. मेन स्टँड नसेल तर मागे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) आणि दुसरा माणूस हवाच. नुसत्या साइड स्टँडवर हे काम करू नका.

हाताशी ठेवायच्या वस्तू:

- गाडीच्या मापाचे रिंग पाने, सॉकेट, ॲलन की
- टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना (भाड्याने किंवा मित्राकडून, पण हवाच)
- व्हर्नियर, नसेल तर स्टीलची पट्टी
- हवेचा स्वतःचा गेज
- चार-पाच केबल टाय
- लिथियम ग्रीस, ब्रेक क्लीनर, जुनं सुती कापड
- ॲक्सलला स्प्लिट पिन असेल तर नवी पिन
- ब्रेक पॅडच्या मध्ये घालायला पातळ लाकडी पट्टी

गाडीचं ओनर मॅन्युअल किंवा सर्व्हिस मॅन्युअल उघडून ॲक्सलचा आणि पिंच बोल्टचा (फोर्कच्या खालच्या टोकाला ॲक्सल चिमटून धरणारा) टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, आधीच लिहून ठेवा. १५० ते ३५० सीसीच्या गाड्यांत पुढच्या ॲक्सलचा आकडा साधारण ४५ ते ७० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पण तुमच्या मॉडेलचा आकडाच खरा. शेजाऱ्याच्या गाडीचा वापरू नका.

जुनं चाक अजून टाकलं नसेल तर जवळ ठेवा. त्याच्यासारखा निदानाचा दुसरा मार्ग नाही: जुनं चाक परत चढवलं आणि थरथर गेली, तर दोष नव्या चाकात. नाही गेली, तर बसवण्यात किंवा हेडमध्ये. तासाभराच्या कामात अर्ध्या शक्यता बाद होतात. अलॉय घेताना जुनं चाक दुकानदाराला देऊन टाकणाऱ्यांची मात्र इथे पंचाईत होते.

## टप्पा १: चाक न काढता टायर तपासा

गार टायरमध्ये हवा मोजा. आकडा चेन कव्हरवर, स्विंग आर्मवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा कमाल दाब. तो भरायचा नसतो. पेट्रोल पंपावर सांगितल्याशिवाय ३५-४० पीएसआय भरून देतात, आणि पुढच्या चाकाला २५ लागणारी गाडी मग प्रत्येक खडीवर उड्या मारते.

आता रिमच्या कडेलगत, टायरच्या भिंतीवर गोल फिरणारी बारीक उठावाची रेघ शोधा. ती टायर सरळ बसलाय का हे पाहण्यासाठीच असते. रिमची कड आणि ती रेघ यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी, चाकाच्या पूर्ण गोलाईत सारखं हवं. एका ठिकाणी रेघ रिमच्या आत गडप झाली असेल तर टायर तिथे बसलेलाच नाही. नव्या टायरनंतरच्या थरथरीचं हे सर्रास आढळणारं कारण आहे, आणि नाक्यावर घाईत टायर चढवताना ते पाहिलं जात नाही.

उपाय: हवा पूर्ण काढा, टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमपासून मोकळी करा, साबणाचं पाणी लावा आणि हवा भरा. कड 'टप्प' आवाज करत बसते. त्यासाठी दाब ४० पीएसआयच्या पुढे नेऊ नका. तेवढ्यात बसला नाही तर हवा काढून पुन्हा साबण लावा. बसला की दाब मूळ आकड्यावर आणा.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी पाहा. भिंतीवरचा बाण चाकाच्या पुढे फिरण्याच्या दिशेला आहे का. काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आला आहे का. आणि टायरचं माप रिमला शोभतं का. ११०/७०-१७ टायरला साधारण ३ इंच रुंद रिम लागते. तोच टायर १.८५ च्या अरुंद रिमवर कोंबला तर दोन्ही भिंती आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी सरळ रेषेत स्थिर राहत नाही. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते.

चाकाचा व्यासच बदलला असेल, म्हणजे १८ किंवा १९ च्या जागी १७, तर गाडी पुढून खाली बसते, हेडचा कोन उभा होतो आणि हँडल जास्त चंचल होतं. हा दोष पान्याने जात नाही. मूळ व्यासाचं चाक परत बसवणं हाच उपाय.

## टप्पा २: फिरवून 'आउट' मोजा

पुढचं चाक अधांतरी. फोर्कच्या खालच्या नळीला केबल टाय बांधा आणि त्याचं टोक रिमच्या बाजूच्या कडेपासून दोन-तीन मिमीवर येईल असं कापा. चाक हळू फिरवा. फट कुठे कमी होते, कुठे वाढते, ते दिसेल. कमाल आणि किमान फटीतला फरक म्हणजे बाजूचा आउट. मग दुसरा टाय रिमच्या वरच्या कडेकडे वळवून गोलाईतला आउट पाहा. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्हींची मर्यादा २ मिमी असते. नवीन अलॉय एक मिमीच्या आत असायलाच हवं. त्याहून जास्त निघालं तर दुकानदाराला परत करा.

टाय टायरवर न रोखता रिमवर रोखा. रिम सरळ पण टायर हलतोय, तर टप्पा १ कडे परत जा. रिमच हलतेय, तर:

- अलॉय: वाकलेलं किंवा बेअरिंग तिरकं बसलेलं. ठोकून किंवा तापवून सरळ केलेल्या अलॉयवर पुढच्या चाकासाठी भरवसा ठेवू नका. तडा दिसत नसला तरी असू शकतो.
- आऱ्यांचं चाक: एकेका आऱ्यावर पान्याने हलकं टिचकवा. सगळ्यांचा आवाज जवळजवळ सारखा यायला हवा. 'ठक' करणारा आरा सैल. ताण देताना एका वेळी पाव ते अर्धा फेराच द्या आणि समोरच्या बाजूचा आरा तेवढाच सोडा. नुसतं आवळत गेलं की रिम गोल न राहता अंड्यासारखी होते.

डिस्कही याच वेळी तपासा. डायल गेज (मिमीचे बारीक अंश दाखवणारं काट्याचं मापक) असेल तर उत्तम. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे भागात ओळखीचा लेथवाला असेल तर त्याच्याकडे मिळेल. बहुतेक डिस्कची मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास असते, म्हणजे डोळ्याने नक्की सांगता येत नाही. जुनी डिस्क नव्या हबवर (चाकाचा मधला भाग) चढवली असेल तर ती काढून हबचा चेहरा कापडाने पुसा. रंगाचा पापुद्रा, गंज किंवा जुन्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेला डिंक) खडा खाली अडकला तरी डिस्क आउट फिरते. बोल्ट एकाआड एक, समोरासमोर आवळायचे. डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडाही बघून घ्या.

> तपासा: टायर, रिम आणि डिस्क, तिन्ही मर्यादेत असतील तरच पुढे जा. यातलं एक जरी बाहेर असेल तर आधी ते दुरुस्त करून रस्त्यावर चाचणी घ्या.

## टप्पा ३: चाक उतरवा, ॲक्सल, बेअरिंग, स्पेसर

काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या: कोणता स्पेसर कुठल्या बाजूला, त्याचं जाड तोंड आत की बाहेर, मीटरची केबल कोणत्या कोनात. चाक बदलण्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डाव्या-उजव्या स्पेसरच्या जाडीत काही मिमीचाच फरक असतो. अदलाबदल झाली तरी ॲक्सल बसतो, नट आवळतो, आणि चाक मात्र एका बाजूला सरकलेलं राहतं.

कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढला तर तो तारेने फोर्कला टांगा; ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या मध्ये लाकडी पट्टी घाला. चाक बाहेर असताना कोणी ब्रेकचा लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि अर्धा तास जातो. पार्किंगमध्ये लहान मुलं असतात, लिव्हर हा त्यांचा आवडता खेळ.

ॲक्सल. पुसून स्वयंपाकघराच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर लोटा. डगमगत लोळला तर वाकलाय; मॅन्युअलमधली मर्यादा बहुधा ०.२ मिमी असते. वाकलेला ॲक्सल बदलायचा, सरळ करायचा नाही. बसवताना तो हाताने, थोडं फिरवत आत जायला हवा. हातोडी लागत असेल तर थांबा: फोर्कच्या दोन्ही बाजू एका रेषेत नाहीत, किंवा स्पेसर तिरका अडकलाय.

बेअरिंग. बोट घालून आतली रिंग फिरवा. खरखर किंवा अडखळणं म्हणजे बाद. नव्या चाकात दुकानदाराने कोणतं बेअरिंग घातलंय, त्याचा नंबर वाचा. ६३०१ चं माप १२ × ३७ × १२ मिमी, ६२०२ चं १५ × ३५ × ११, ६३०२ चं १५ × ४२ × १३. तुमचा ॲक्सल १२ मिमीचा आणि बेअरिंग १५ च्या भोकाचं, आणि मध्ये पातळ बुश घालून जुळवलेलं, असं निघालं तर थरथरीचं कारण सापडलं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या जुन्या चाकाची ऑइल सील फाटलेली असेल तर बेअरिंग बदलताना सीलही नवीच घाला.

मधली नळी. हबच्या आत दोन बेअरिंगांमध्ये एक लांब स्पेसर असतो. तो ॲक्सलचा दाब पेलतो, म्हणजे नट कितीही आवळला तरी आतल्या रिंगा एकमेकींकडे ढकलल्या जात नाहीत. अलॉय चाक वेगळं घेतलं की हा स्पेसर जुन्या हबमध्येच राहून जातो, किंवा दुसऱ्या मॉडेलचा आखूड स्पेसर येतो. ओळखायची खूण: नट सैल असताना चाक मोकळं फिरतं, टॉर्कने आवळला की जड होतं. अशी गाडी काहीशे किलोमीटरही नीट चालत नाही. बेअरिंग बाजूच्या दाबाने तापतं आणि खिळखिळं होतं.

बेअरिंग बसवण्याचा क्रम: ज्या बाजूचं बेअरिंग मॅन्युअल आधी सांगतं (बऱ्याच गाड्यांत डिस्कची बाजू), ते हबच्या खांद्यापर्यंत पूर्ण बसवा. मग मधला स्पेसर. मग दुसरं बेअरिंग स्पेसरला टेकेपर्यंतच. टेकल्यावर आणखी ठोकलं तर तोच बाजूचा दाब पुन्हा तयार होतो. ठोकताना सॉकेट नेहमी बाहेरच्या रिंगवर टेकलेलं हवं. आतल्या रिंगवर ठोकलेलं बेअरिंग बसवतानाच खराब होतं.

## टप्पा ४: चाक हातात असतानाच बॅलन्सिंग

पुढच्या चाकाला बॅलन्सिंगची गरज नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून बघा. १७ इंची रिमच्या कडेवर ३० ग्रॅम जास्तीचं वजन असेल, तर ८० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात ते वजन साधारण साडेतीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं. ४० च्या वेगाला हाच जोर चौथाई होतो. म्हणूनच शहरात काही जाणवत नाही आणि सायन-पनवेल हायवेला लागल्यावर धडधड सुरू होते.

बॅलन्सिंग मशीन नसेल तर घरीही जमतं. ॲक्सल चाकात घाला, दोन्ही टोकं सपाट, समान उंचीच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा. मीटरची गरारी (स्पीडोमीटरची केबल फिरवणारा, चाकाला लागलेला भाग) काढलेली असावी, नाहीतर तिच्या घर्षणाने चाक खोटं थांबतं. चाक हलकेच फिरवा. थांबल्यावर खाली आलेल्या जागेला खडूने खूण करा. तीन-चार वेळा तीच जागा खाली आली, तर ती जड बाजू. बरोबर समोर, वरच्या बाजूला ५ ग्रॅमचं वजन चिकटवा आणि पुन्हा फिरवा. चाक कुठल्याही जागी थांबायला लागलं की झालं. अलॉयला चिकटपट्टीची वजनं, आऱ्यांच्या चाकाला आऱ्यावर बसणारी. चिकटवण्याआधी रिम ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर पहिल्या पावसात वजन रस्त्यावर.

वजन ५०-६० ग्रॅमच्या पुढे जायला लागलं तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा.

## टप्पा ५: चढवण्याचा क्रम

थरथर येते ती बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

१. ॲक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर लावा. डिस्कवर किंवा पॅडवर ग्रीस लागू देऊ नका.

२. मीटरची गरारी हबमध्ये बसवा. तिच्या आतल्या दोन पात्या हबच्या खाचांत बसल्या पाहिजेत. हाताने चाक फिरवा, गरारीचा आतला भाग सोबत फिरतोय ना, बघा. खाचांवर आडव्या राहिलेल्या पात्या नट आवळल्यावर चेपतात, मीटर बंद पडतं आणि चाक मध्यातून सरकतं.

३. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या खुंटीत बसवा.

> सावध: ही खाच बसलेली नसताना गाडी रस्त्यावर काढली, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकासोबत फिरते आणि चाक जाम होतं. पूर्ण थांबून, हाताने हलवून खात्री करा.

४. एबीएसच्या गाडीत नव्या चाकावर सेन्सरची रिंग आहे का आणि ती तुमच्याच मॉडेलची, तितक्याच दात्यांची आहे का, हे चढवण्याआधीच बघा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे जुन्या मॉडेलचं चाक बरोबर बसलं तरी रिंगशिवाय एबीएसचा दिवा जात नाही.

५. ॲक्सल आत घाला, नट फक्त हाताने लावा. पिंच बोल्ट असतील तर सैल ठेवा.

६. कॅलिपर बसवा आणि लिव्हर कडक होईपर्यंत दाबून पॅड डिस्कला टेकवा. गाडी जॅकवरून खाली घ्या. चाक जमिनीवर असताना पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खाली-वर दाबा. याने फोर्कच्या दोन्ही नळ्या ॲक्सलवर आपापली नैसर्गिक जागा घेतात.

७. मग ॲक्सलचा नट टॉर्कने.

८. सगळ्यात शेवटी पिंच बोल्ट. दोन बोल्ट असतील तर पहिला, दुसरा, परत पहिला, असे आळीपाळीने.

पिंच बोल्ट आधी आवळून मग ॲक्सल कसला तर फोर्कची एक नळी आत ओढली जाते. फोर्क मोकळा हलत नाही, आणि त्याचा परिणाम हँडलवर येतो. ज्या गाड्यांत ॲक्सल थेट एका नळीत आट्यांनी बसतो, तिथे आधी ॲक्सल टॉर्कने आवळा, नंतर फोर्क दाबा, आणि मग मोकळ्या बाजूचा पिंच बोल्ट. खाली कॅप आणि नट असलेल्या फोर्कमध्ये कॅपवर बाण किंवा खूण असेल तर मॅन्युअलमधलाच क्रम पाळा.

स्प्लिट पिन नवीच. जुनी पिन सरळ करून परत घालणं म्हणजे तुटायच्या बेताला आलेला तुकडा वापरणं.

> तपासा: चाक पुन्हा अधांतरी करून फिरवा. टॉर्कनंतर ते आधीपेक्षा जड वाटतंय? टप्पा ३ मधला मधला स्पेसर पुन्हा पाहा. टायर वर-खाली धरून हलवल्यावर प्ले जाणवतो? बेअरिंग किंवा नट.

## टप्पा ६: चाक मध्यात आहे का

रिमच्या कडेपासून फोर्कच्या नळीपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे, ॲक्सलच्या उंचीला मोजा. बहुतेक गाड्यांत दोन्ही सारखी हवीत. २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्पेसरची अदलाबदल, चेपलेली मीटरची गरारी, किंवा आऱ्यांच्या चाकात हबच्या तुलनेत रिम एका बाजूला बांधलेली. डिस्कही कॅलिपरच्या खाचेत मधोमध असावी. ती एका पॅडला सतत घासत असेल तर तीच शंका.

मग सरळपणा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सरळ लांब पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून पुढच्या टायरपर्यंत आणा. हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंची फट सारखी हवी. टायर सरळ पण हँडल वाकडं दिसत असेल तर फोर्क क्लॅम्पमध्ये पिळलाय. वरच्या आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून सरळ करा. वरच्या क्लॅम्पच्या वर दोन्ही नळ्या समान उंचीवर आहेत ना, हेही मोजून घ्या. मडगार्डचे बोल्ट तिरके ओढले गेले असतील तरी फोर्क ताणला जातो. हे कमी वेळा घडतं, पण मडगार्ड सैल करून एकदा बघायला पाच मिनिटंच लागतात.

## टप्पा ७: आता कोन सेट

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही थरथर राहिली, तर हेड तपासा. कोन सेट आधीपासूनच सैल असेल आणि जुना झिजलेला टायर ते झाकत असेल, तर नव्या टायरने तो उघडा पडतो.

चाक अधांतरी. समोर बसून फोर्कची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ओढा. दुसऱ्याने हेडच्या खालच्या सांध्यावर बोट ठेवावं. बोटाखाली 'टक्' जाणवला तर प्ले हेडमध्ये. सांधा शांत आणि नळ्या हलतायत, तर फोर्कचे बुश झिजलेत. नुसता पुढचा ब्रेक दाबून गाडी हलवायची जुनी पद्धत या दोन्ही प्ले एकत्र दाखवते, म्हणून तिच्यावर निर्णय घेऊ नका.

हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यात खाच लागल्यासारखं अडकत असेल तर गोळ्यांनी रेसरमध्ये (गोळ्या ज्यात फिरतात त्या रिंगा) खड्डे पाडलेत. तो सेट आवळून सुधारणार नाही, वरचे-खालचे दोन्ही रेसर आणि गोळ्या बदला.

खाच नसेल आणि नुसता प्ले असेल तर वरचा मोठा नट किंवा बोल्ट आधी सैल करा, मग खालचा चक्रीनट हुक पान्याने फेऱ्याचा आठवा भाग आवळा. वरचा नट परत टॉर्कने आवळून मगच तपासा, कारण तो आवळल्यावर ताण बदलतो. प्ले गेला पाहिजे, आणि हँडल मध्यातून हलकं ढकललं की स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत गेलं पाहिजे. केबल किंवा वायरिंग ओढली जात असेल तर हँडल खोटं जड लागतं, ते आधी मोकळं करा.

मध्येच थांबणारं हँडल म्हणजे जास्त आवळलंय. अशी गाडी सरळ रेषेत राहण्यासाठी सतत बारीक दुरुस्त्या मागते आणि वेगात संथ डुलते. थरथर दाबली म्हणून हे चालवून घेऊ नका.

## टप्पा ८: रस्त्यावर चाचणी

मागचा टॉप बॉक्स आणि सॅडल बॅग काढा, मागे कोणी बसवू नका. मागे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं आणि थरथर वाढते, त्यामुळे निदान चुकतं. नंतर हवं तर बॉक्स लावून वेगळी चाचणी करा. हेल्मेट, हातमोजे आणि बूट घालूनच.

पहाटे, गर्दी नसताना, सरळ आणि गुळगुळीत तुकडा निवडा. पाम बीच रोडचा लांब पट्टा यासाठी सोयीचा, फक्त वेगमर्यादेचा फलक पाळा. पहिले एक-दोन किलोमीटर ३०-४० ने, ब्रेक नीट लागतोय याची खात्री करत. नव्या टायरचा वरचा थर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडा असतो, म्हणून जोरात झुकवू नका. मग मर्यादेपर्यंत वेग घेऊन ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक न लावता वेग आपोआप उतरू द्या. पकड सैल करा, पण दोन्ही हात हँडलवरच ठेवा. हात सोडून बघायचं धाडस लोक करतात, आणि हँडलने जोर धरला तर परत पकडायला वेळ मिळत नाही.

दुसऱ्या फेरीत तोच वेग घेऊन पुढचा ब्रेक हलका लावा. थरथर फक्त आता आली तर टप्पा २ मधली डिस्क.

परत आल्यावर हब आणि डिस्कजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. ब्रेक फारसा न वापरताही हब तापलेला असेल तर बेअरिंगवर बाजूचा दाब आहे किंवा पॅड घासतंय. चाक नवीन असेल तर १०० ते १५० किलोमीटरनंतर ॲक्सल, पिंच बोल्ट आणि डिस्कचे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा. नव्याने बांधलेल्या आऱ्यांच्या चाकाचे आरे याच सुमारास सैल होतात, त्यांना परत ताण द्यावा लागतो.

हे सगळं बरोबर असूनही गाडी एकाच बाजूला ओढत असेल, तर फोर्कच्या नळ्या काढून व्ही-ब्लॉकवर डायल गेजने तपासून घ्या. चाक बदलण्याची वेळ ज्या खड्ड्याने आणली, त्याने नळी वाकवलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती फोर्क बसलेला असताना दिसत नाही. वाकलेली नळी दाबून सरळ करून मिळते, पण क्रोम तडकतो आणि काही महिन्यांत ऑइल सील गळायला लागते. बदलायची तर दोन्ही बाजूंच्या सील आणि तेल एकदमच बदला, आणि तेल दोन्ही नळ्यांत मापून सारखंच भरा.